कुठेही शिकेल

मुलीने बापाच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि एक पाऊल मागे सरून त्याच्याकडे बघितलं. शर्ट अगदी परीटघडीचा होता, आणि परीटही तोच होता. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात तो इस्त्रीच्या यंत्रावर उभा असायचा. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बायको आणि मुलीबरोबर शाळेच्या या व्हरांड्यात येऊन उभा राहिला होता.

"गळा आवळतोय," तो म्हणाला.

"आवळू दे. आत गेल्यावर बाईंकडे बघून बोला, माझ्याकडे नाही."

"बरं, वकीलबाई."

घरात तिला याच नावाने हाक मारत. वय बारा, पण दवाखाना, घरमालक, वीज कार्यालय, जिथे जिथे या देशाची भाषा लागे तिथे तिथे आईबापांच्या वतीने तीच बोलायची. इतकी वर्षं झाली तरी ती भाषा त्या दोघांच्या जिभेवर बसली नव्हती. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे, आणि घरी येईपर्यंत बोलायचं त्राण उरत नसे. या वकिलीचा एक नियम होता, आणि तो बापानेच घालून दिला होता. एकदा डॉक्टरांनी आईला ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं, तेव्हा आई घाबरेल म्हणून पोरीने ते वाक्य गिळून टाकलं होतं. पुढे ते चांगलंच अंगाशी आलं. तेव्हा बापाने तिला समोर बसवून बजावलं होतं, "पदरचं काही घालायचं नाही, आणि गाळायचंही नाही. ते बोलतील ते इकडे, आम्ही बोलू ते तिकडे. मधे तू नाहीसच."

ही शाळा खाजगी होती. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांची फी सरकार भरायचं, म्हणून तर तिला इथे पाय ठेवता आला. आधीच्या सरकारी शाळेत वर्गात मुलांची एवढी दाटी, की वर्षभर बाईंना तिचं नावही आलं नाही. इथे मात्र पोरगी फुलली. विज्ञानाच्या बाई शाळा सुटल्यावरही तिला सूक्ष्मदर्शकाशी बसू देत. कांद्याच्या पापुद्र्यात ओळीने घरं असतात, असं तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा आईने चिरणं थांबवून पापुद्रा उजेडाला धरून बघितला होता.

यंदा सरकारने हात आखडता घेतला. निम्म्याच मुलांचे पैसे येणार होते. ती निम्मी कोणती, हे ठरवायला सरकारी कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. त्या एकेका मुलाच्या आईबापाला बोलावून बोलत होत्या. पैसे मिळाले नाहीत तर पोरीला परत त्या जुन्या शाळेत जावं लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. फी स्वतःच्या खिशातून भरणं त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं.

आत त्यांच्याच गावाकडचा एक किराणावाला बसला होता. तो इथली भाषा मोडकीतोडकी बोले, पण आवाज खणखणीत. दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणतोय गं?" बापाने विचारलं.

"म्हणतोय, माझा मुलगा वर्गात सगळ्यात हुशार आहे. मोठा शास्त्रज्ञ होईल. अशी बुद्धी लाखात एखाद्याला असते."

आईने तोंडावर हात धरला. बापालाही हसू आवरेना.

"लाज कशी वाटत नाही," तो म्हणाला. "आपलाच ढोल आपणच बडवायचा."

मग त्यांची पाळी आली. अधिकारी बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी तिघांशी हात मिळवला. बाई खरंच चांगल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. कार्यालयाचा दुभाष्या आज आला नव्हता, त्याबद्दल त्यांनी माफीही मागितली. मुलीने भाषांतर केलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बापाने मान जोरात हलवली. त्याच्या लेखी तिच्याइतका भरवशाचा दुभाष्या दुसरा नव्हता.

"त्या म्हणतात, गुण आम्ही बघितले," मुलगी सांगू लागली. "गुण सगळ्याच मुलांचे चांगले आहेत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय, तुमची मुलगी कशी आहे."

बापाचा ऊर भरून आला. पापुद्र्यातली घरं त्याला आठवली. लहान असताना ती चादरींवरचे हॉटेलांचे शिक्के वाचून इथली अक्षरं शिकली होती, तेही आठवलं. हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथे त्याची जीभ लहानपणापासूनच्या वळणाने वळली.

"ठीक आहे आपली," तो म्हणाला. "फार काही नाही. जरा आळशीच आहे."

आता या बोलण्याची एक रीत असते. आईबापाने लेकराला दोन पायऱ्या खाली उतरवायचं, आणि समोरच्याने "छे हो, काहीतरीच काय" म्हणत चार पायऱ्या वर चढवायचं. तो त्या "छे हो"ची वाट बघत किंचित हसला. आईही हसली. मुलीने त्याचे शब्द जसेच्या तसे पलीकडे दिले, तेव्हा बाईंनी भुवया वर केल्या. त्या काही हसल्या नाहीत.

"पुढे तिने कोण व्हावं असं वाटतं?"

"आमच्यासारख्यांनी काय मोठं बोलायचं? शिकली चार बुकं तरी पुष्कळ."

मुलीने तेही पोचवलं. आई चुळबुळली. बाईंनी खुर्ची थोडी पुढे घेतली आणि सावकाश, समजावून विचारलं.

"त्या विचारतात, ही शाळा नाही मिळाली, तर तिचं कसं होईल?"

आणि इथे मात्र त्याला राहवलं नाही. कौतुकाचा जो एक शब्द त्याने आयुष्यभर दातांमागे धरला होता, तो निसटलाच.

"तिचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "तिला कुठेही टाका. ती कुठेही शिकेल."

मुलगी थांबली. पहिल्यांदाच थांबली. तिने बापाकडे बघितलं, मग बाईंकडे वळून ते वाक्य बोलली. शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला तेव्हा तो नुकताच कामावरून आला होता. आई धाकट्या लेकीला भरवत होती. मुलीने सगळ्यांना ऐकू येईल असा फोन मधे ठेवला, आणि सवयीने वाक्यामागून वाक्य सांगत गेली.

"त्या म्हणतात, वाईट वाटतं, पण जागा ज्यांचं अडेल त्यांना दिल्या. म्हणतात, तुमची मुलगी कुठेही शिकेल असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून त्यांना तिची काळजी वाटत नाही. म्हणतात, शुभेच्छा."

फोन बंद झाला. आई नवऱ्याकडे वळली.

"अहो, पोरीचं भलं बोलायला काय पैसे पडत होते?" ती म्हणाली, आणि धाकटीचं तोंड पुसू लागली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

तो मुलीशेजारी जाऊन बसला.

"मी तिथे बोललो ना, आळशी वगैरे. ती बोलायची रीत असते गं. ते खरं नसतं."

"खरं नसतं?"

"नाही."

मुलीने विचार केला.

"मला वाटलं, खरंच आहे," ती म्हणाली. "घरी पण तुम्ही असंच म्हणता."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. असता तर त्याने तो काढला असता. आत्ता, या क्षणी बोलायचं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं, पण किराणावाला जो साधा शब्द इथल्या भाषेत खणखणीत आवाजात बोलून गेला होता, तो आपल्या भाषेत त्याच्या तोंडून निघेना. शेवटी त्याने वेगळीच वाट धरली.

"माझी मुलगी फार हुशार आहे," तो घाईने म्हणाला, "हे इथल्या भाषेत कसं म्हणतात?"

तिने सांगितलं. त्याने म्हणून बघितलं. तिने चूक सुधारली. त्याने पुन्हा म्हटलं, मग पुन्हा, या खेपेला तिच्या डोळ्यांत बघून, एकेका शब्दावर जोर देत. तिने मान कलती करून नीट ऐकलं.

"आता जमलं," ती म्हणाली. "धाकटीच्या वेळी असंच म्हणा."