शेवंताबाईंच्या दाढेतलं सिमेंट

मी एक जुना भराव आहे. रावेरच्या शेवंताबाईंच्या खालच्या उजव्या दाढेत माझा मुक्काम आहे. डॉक्टर मला भराव म्हणतात, घरचे मात्र सिमेंट म्हणतात. मित्रांनो, सिमेंट म्हटलं की मला जरा राग येतो, कारण पूल बांधायला मला कोणी नेत नाही. पण शेवंताबाईंसाठी मी पुलाहून कमी नाही. घास चावायला त्यांच्याकडे ही एकच दाढ उरली आहे.

माझ्याआधी इथे दुसरा भराव होता. तो दोनेक वर्षांत सैल झाला आणि एके दिवशी वांग्याच्या भरितासोबत पोटात गेला. बाईंनी दोष दिला किडीला. शेजारच्या अक्कांचं ऐकून त्यांनी कीड पाडायला भुईरिंगणीच्या, म्हणजे एका काटेरी झुडपाच्या, बियांचा धूर तोंडात घेतला. कीड काही पडली नाही, डोळे मात्र लाल झाले. शेवटी त्यांचे यजमान शालिग्राम आबा त्यांना डॉक्टर मेघांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

"डॉक्टरीनबाई, हे दाढ काहाडूनच टाका," शेवंताबाई खुर्चीत बसताच म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा कोन येईन?"

"मग भाकरी कशाने चावाल, मावशी? आधीचा भराव किडीने नाही पाडला," मेघा म्हणाल्या. "दाताच्या आत बारीक धागे असतात. आमचा चिकटद्रव त्यांनाच धरून बसतो. चिकटवण्याआधी आम्ही आम्ल लावतो, तेव्हा दातातलीच झोपलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात आणि हळूहळू ते धागे कुरतडतात. मग पकड सुटते."

"म्हंजे घरातल्यानंच घर पोखरलं!"

"अगदी तसंच. म्हणून या वेळी त्यांना गप्प करणारं औषध आधी चोळते. कायम टिकेल असं वचन नाही देत, पण जास्त टिकेल अशी आशा आहे. हा भराव निघाला तर मात्र दाढ काढावीच लागेल. तिची भिंत फार पातळ झाली आहे. कडक दाणे चावू नका."

औषध चोळताना बाईंची चुळबुळ चालली होती. "झालं का? झालं का?" असं त्या उघड्या तोंडानेच विचारत होत्या. मेघांनी मुळीच घाई केली नाही. मग चिकटद्रव लागला, मी मऊ लगदा होऊन आत बसलो आणि निळ्या उजेडात दगडासारखा घट्ट झालो. तेव्हापासून माझा संसार सुखाचा आहे.

पण आमच्याकडे एक रीत आहे. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, कोठीत भरण्याआधी दाणा दाढेखाली फोडून बघतात. कट्ट वाजला तर वाळला, बसका आवाज आला तर ओला. साऱ्या गल्लीत हे काम शेवंताबाईंचं होतं. माझ्यामुळे ते आबांकडे आलं आणि आबांना 'वाळलं' म्हणायची भारी घाई. एका वर्षी कोठीतली अर्धी दादर किडली. पुढच्या हंगामात बाई चिडून म्हणाल्या, "ठेवा, मीच पाह्यते. सिमेंट आता पक्कं झालं."

मी आधीच्या भरावापेक्षा जास्त टिकलो होतो, म्हणून त्या निर्धास्त झाल्या होत्या. मी मात्र घाबरलो. दाणा नेमका माझ्यावर आला. कट्ट!

बाईंचा हात गालावर गेला. आबांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "काय झालं वं? गेलं का?" आबांनी विचारलं. बाईंची जीभ भीतभीत माझ्याभोवती फिरली, एकदा, पुन्हा एकदा. मी जागेवर होतो. माझ्याखालचे धागेही शाबूत होते.

"हाय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले. "पन आता नाही चावत, माय. एकच तं हाय."

दुसऱ्याच दिवशी त्या स्वतःहून मेघांकडे गेल्या. मेघांनी माझी कड तपासली आणि पकड घट्ट असल्याचं सांगितलं. तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

मित्रांनो, दात दुखेपर्यंत थांबू नका. डॉक्टर औषध चोळत असतील तर 'झालं का' म्हणून त्यांना घाई करू नका. वरून घट्ट दिसणाऱ्याची पकड आतून सांभाळावी लागते.

आता दादरीच्या दिवसांत आबा दाणा चावतात आणि शेवंताबाई त्यांच्या गालाशी कान नेऊन ऐकतात. आबा 'वाळलं' म्हणायला तोंड उघडतात, तोच बाई म्हणतात, "काही वायलं नाही. अजून ऊन दाखवा." मग सावलीत बसून त्या भाकरीचा तुकडा मोडतात आणि सावकाश माझ्याकडे सरकवतात.