अकरा घरांची एक तार

मित्रांनो, मी भिंतीवरचा जुना लाकडी टेलिफोन. ओकची पेटी, डोक्यावर पितळी घंटांची जोडी, उजव्या अंगाला फिरवायची मूठ आणि पुढे काढलेलं काळं तोंड, असा माझा थाट! कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखात, वर्ना हॉलक्विस्ट नावाच्या विधवेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं टांगलेला होतो. आता तारच तुटली, तेव्हा ऐकणार कुणाचं? पण दुपारचं ऊन अंगावर आलं की पेटीतले जुने आवाज हलू लागतात, डोळा लागल्यासारखं होतं, आणि मी पुन्हा त्याच भिंतीवर असतो.

आमच्याकडे अकरा घरांत मिळून एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा निराळी. आमची दोन लांब, एक आखूड. शेजारच्या मर्टल टॅगार्टबाईंची तीन आखूड. दुसऱ्याची घंटा वाजली की आपण गप्प बसावं, असा नियम. पण गप्प बसतो कोण! सगळे हळूच रिसीव्हर उचलायचे आणि श्वास रोखून ऐकायचे. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. उलट दुसऱ्या दिवशी, "काल तुझा खोकला ऐकला गं, मध घेतलास का?" असं तोंड वर करून विचारायचे. एक गोष्ट मात्र खरी, जितके कान वाढत तितका आवाज बारीक होई. एका पावाचे अकरा तुकडे केले तर वाट्याला किती येणार?

एक्केचाळीस सालच्या डिसेंबरातला रविवार. जेवणं नुकती आटोपली होती. अचानक एकच लांबलचक घंटा वाजू लागली. ती सगळ्यांसाठी असे. आग लागली किंवा वादळ आलं, तरच एक्स्चेंजवर बसून तारा जोडून देणारी बेस ती वाजवी.

"मंडळी, जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकलेत," बेस म्हणाली.

"हे कुठं आलं गं बाई?" वर्नाबाईंनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षभरात वर्नाबाईंचा मुलगा ऑर्विल आणि मर्टलबाईंचा थोरला लेलंड, दोघंही गणवेश चढवून समुद्रापार गेले. मग पत्रं यायची आणि दोघी आया ती माझ्यातून मोठ्यानं वाचायच्या. अकरा घरं ऐकायची. माझ्या आयुष्यातले तेच सोन्याचे दिवस, मित्रांनो. त्या वेळी मला वाटायचं, मी तार नाही, अकरा घरांचा एकच कान आहे.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तीन आखूड घंटा वाजल्या. स्टेशनमास्तर मर्टलबाईंना सैन्याकडून आलेली तार वाचून दाखवत होता. पण सगळ्यांनी रिसीव्हर उचलले आणि त्याचा आवाज पार विझत आला. "ऐकू येत नाही हो! लेलंडचं काय? काय म्हणताय?" मर्टलबाई ओरडत होत्या. तेव्हा बेस मध्ये पडली, "ठेवा रे खाली सगळे. तिला ऐकू द्या." एकामागून एक रिसीव्हर खाली गेले. लेलंड फ्रान्समध्ये लढाईत कामी आला होता.

ऑर्विल परत आला. एका नदीकाठी रशियन सैनिक भेटले, त्यांनी अर्धा पाव मोडून दिला, ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे. तो गावच्या शाळेत मास्तर झाला. युद्ध संपलं, शांतता मात्र काही आली नाही. बघता बघता वारं फिरलं. कालचे रशियन मित्र आज 'लाल', म्हणजे कम्युनिस्ट वैरी, झाले. अणुबॉम्बच्या धास्तीनं मुलांना बाकाखाली लपायचा सराव देऊ लागले. मास्तरांकडून देशनिष्ठेच्या शपथेवर सह्या घेतल्या जाऊ लागल्या. आणि मर्टलबाईंचा धाकटा वेंडेल कोरियात त्या लालांशी लढायला गेला. बिचारीचा जीव सदा टांगणीला.

त्याच वसंतात कोल्ह्यानं मर्टलबाईंचं खुराडं साफ केलं. ऑर्विलला वाईट वाटलं. त्यानं तालुक्याच्या गावी पिल्लं विकणाऱ्या हेन्रीकाकांना फोन लावला. कोंबड्यांची एक गावरान लाल जात होती, आमचे शेतकरी तिला नुसतं 'लाल' म्हणत.

"काका, लाल दोन डझन पाठवा शुक्रवारी. मर्टलबाईंना कळू देऊ नका हं. आधी आमच्या तळघरात ठेवतो, मग अचानक गाठू त्यांना!"

नेहमीप्रमाणे सहा-सात रिसीव्हर उचललेले होते. त्यांतला एक मर्टलबाईंचा. बारीक झालेल्या आवाजात त्यांना एवढंच सापडलं: लाल... दोन डझन... मर्टलबाईंना कळू देऊ नका... तळघरात... अचानक गाठू. मला सगळं ऐकू येत होतं. पण माझं तोंड दुसऱ्याच्या बोलण्यासाठी, मित्रांनो. मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मर्टलबाईंनी शाळेच्या मंडळापुढे जाऊन सांगितलं, ऑर्विल तळघरात लालांना लपवणार आहे म्हणून. गुरुवारी ऑर्विलच्या हातात पत्र पडलं. चौकशी होईपर्यंत वर्गात पाऊल ठेवायचं नाही. कुणी काय ऐकलं, तेही त्या पत्रात लिहिलेलं होतं.

शुक्रवारी पिल्लं आली. वर्नाबाईंनी माझी मूठ गरागरा फिरवली.

"बेस, सगळ्यांची घंटा वाजव."

"अगं, आग लागलीय की काय?"

"लागलीय. माझ्या घराला लागलीय. वाजव!"

अकरा रिसीव्हर उचलले गेले. वर्नाबाईंनी पिल्लांचं खोकं उचलून माझ्या तोंडाशी धरलं. चिवचिव, चिवचिव! दोन डझन इवल्याशा चोची. मैलोन्‌मैल तारेतून ती चिवचिव, बारीक का होईना, प्रत्येक स्वयंपाकघरात उतरली.

"ही ऐका लाल मंडळी," वर्नाबाई म्हणाल्या. "तळघरात लपवायची होती."

मग मर्टलबाईंचा आवाज आला, "वर्ना... कुणासाठी गं ती?"

"तुझ्यासाठी, बाई. दुसऱ्या कुणासाठी?"

मर्टलबाई हुंदके देत शाळेत गेल्या. "मी अर्धंच ऐकलं हो," त्यांनी मंडळाला सांगितलं. मंडळी शरमली. पण तोवर चौकशीचा कागद राज्याच्या राजधानीला गेला होता, आणि पुढे गेलेला कागद माघारी बोलावायची हिंमत कुणात होती? जूनमध्ये नोकरी गेलेल्या ऑर्विलनं पेटी भरली आणि तो दूर ऑरेगनला लाकूडगिरणीत कामाला लागला. पुन्हा कधी त्यानं खडू हातात धरला नाही. वर्नाबाईंनी मर्टलबाईंशी बोलणं टाकलं नाही. पण फोनवर मात्र दोघी हवापाण्यापलीकडे कधी गेल्या नाहीत.

पुढे आकडे फिरवायचे नवे फोन आले आणि मला उतरवून माळ्यावर टाकलं. मूठ गंजली, एका घंटेत कोळ्यानं घर केलं. त्याचं मला फारसं दुःख नाही. माझं दुःख निराळं आहे. मर्टलबाईंच्या घरापासून आमचं दार जेमतेम एका शेताच्या अंतरावर होतं. शंका आली तेव्हा त्या चालत येऊन विचारत्या, तर दहा मिनिटं लागली असती. म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाबद्दल काही अर्धंमुर्धं कानावर आलं, तर आधी पायात जोडे घाला आणि त्याच्या दारी जा.