लिबिया पासिंगची रीना

आपल्या पेंटिंगच्या दुकानासमोर धनीरामने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर ट्रॉलीमालकाच्या लेकीचं नाव अर्धं रंगवलं होतं, तेवढ्यात शेजारच्या चहाटपरीच्या भैय्यालालने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"पाह्य बे, तुही गाडी."

पडद्यावर वाळवंट होतं. एक चिखल थापलेली पिकअप, हौद्यात वेल्डिंग करून बसवलेली विमान पाडायची तोफ, तिला टेकून उभे असलेले चपला घातलेले बंदूकवाले. आणि मागच्या फाळक्यावर पिवळ्या देवनागरी अक्षरांत: रीना. शेजारी धनीरामचा ठरलेला मोर, जो मुंगसासारखा दिसे.

धनीराम लिबियात एका कंपनीची गाडी चालवायचा; लढाई पेटली तेव्हा जीव घेऊन परतला होता. तेव्हापासून लाखनीच्या हायवेवर बसून गप्पांत त्याने ही गाडी कुठे कुठे पळवली! तिच्या बॉनेटवर अंडी तळली, पेट्रोल संपल्यावर उंट जुंपला, उंट दमल्यावर त्यालाच मागे बसवून आणला. कंपनीच्या गाडीवर आपल्या लेकीचं, रीनाचं, नाव टाकलं होतं, हे तर तो शपथेवर सांगे. टपरी पोट धरून हसे, विश्वास कोणी ठेवत नसे. आज पुरावा चालून आला होता.

"माही नोहे," धनीराम म्हणाला.

"काहून? तूच तं सांगत होता."

"थापा होत्या. पुसून टाक तो व्हिडिओ. रीनाले नको दाखवू."

"मी तं धाडला बी तिले. म्हनलं, पोरगी खुश होईल."

धनीराम ब्रश रॉकेलमध्ये ढवळत राहिला. रीना दवाखान्यात नर्स होती. आपलं नाव कुठल्या गाडीवर फिरतं, हे तिला कळू नये एवढंच त्याला हवं होतं.

ड्युटी संपवून ती थेट दुकानात आली.

"बाबा, तुमचंच अक्षर हाये."

"असं अक्षर कोनीबी काढते."

"असा मोर कोनी नाही काढत."

तो हसला नाही. ती शेजारच्या डब्यावर बसली.

"गाडी विमानाले दिसू नये म्हनून सारा चिखल थापला. मंग नाव तेवढं कोन पुसून ठेवते?"

धनीरामने चष्मा लावला. तिचा मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"सालेम," तो म्हणाला. "संगं डायवर होता. निंघतानी किल्ली त्यालेच देल्ली. रोज सकाळी आपल्या शेल्यानं तुहं नाव पुसे. म्हने, पोरगी धुळीत नको."

"कोन सालेम? कधी सांगितलं नाही तुमी."

इतक्या वर्षांच्या थापांत हे नाव खरंच एकदाही आलं नव्हतं.

"जिता हाये म्हंजे," धनीराम पुटपुटला.

पडद्यावर पिकअप वळली. तोफेची नळी हळूहळू घरांच्या ओळीकडे फिरली. एका गच्चीवर कपडे वाळत होते.

"बंद कर वं माय," तो म्हणाला.

रीनाने हात पुढे केला. मोबाईल काही त्याच्या मुठीतून सुटेना.