पिसाची माशी आणि उजनीची मरळ

काटेवाडीचे मोहनराव कॅनडाहून दोन गोष्टी घेऊन आले. एक गळाची लांबसडक काठी, तिच्या सगळ्या सामानासकट, आणि दुसरा एक मासा. मासा तसा तिकडच्या तळ्यातच राहिला होता, इकडं आली ती त्याची गोष्ट.

मुलगा संदेश आणि सून माधवी तिकडं नोकरीला. नजर पोचेल तिथवर गव्हाची सपाट रानं आणि मधेच तळी, असा तो मुलूख. मुलानं हौसेनं बापाला एका तळ्यावर नेलं, मासे धरायला शिकवणारा वाटाड्या लावून दिला. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून मोहनराव गार पाण्यात उभे राहिले आणि पिसांची खोटी माशी फेकून त्यांनी खरा मासा धरला. ट्राउट त्याचं नाव, अंगावर इंद्रधनुष्याचा पट्टा. वाटाड्यानं फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

गावात आल्यावर हा मासा आडसाली उसासारखा वाढायला लागला. खत नाही, पाणी नाही, पण दर सांगण्याला पेरभर लांब. दिवाळीत तो हातभर होता, संक्रांतीला मांडीएवढा झाला आणि उन्हाळ्यात त्यानं मोहनरावांना पाण्यात फरफटत नेलं. लोक त्यांना ट्राउटराव म्हणायला लागले ते काही उगीच नाही.

"धरला आन् सोडला?" शेजारच्या सोपानतात्यांना तेवढंच कळत नव्हतं. "मग धरला कशाला?"

"खेळ असतो त्यो, तात्या. जिंकायचं आन् सोडायचं."

"बाजाराला जाऊन पिशवी मोकळी आणायची, तसलं," रोहिणीकाकू आतून म्हणाल्या. मोहनरावांची बायको म्हणून त्यांनी ती गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा ऐकली होती.

आखाड लागला तसे सोपानतात्या हट्टालाच पेटले. "उजनीत धरून दावा की. एक मरळ आणा, मसाला माझा." चार माणसं बसली होती. मोहनराव बोलून गेले, "या रविवारी आणतो!"

आता उजनीच्या काठाला, इंदापूरच्या अंगाला, त्यांच्या विहीणबाई राहत. माधवीची आई, जयवंताबाई. मोहनराव आजवर तिथं गेले ते मुलाकडचे मानकरी म्हणून. खुर्चीत बसायचं, जेवायचं, टॉवेल-टोपी घेऊन निघायचं. जयवंताबाईंची एक बोट होती. हिवाळ्यात पुण्याहून येणाऱ्या लोकांना त्या बोटीतून रोहित पक्षी दाखवत. मोहनरावांनी फोन केला.

"या की, पाव्हणं," विहीणबाई म्हणाल्या. "पर काठावर तुमी मानाचं. बोटीत बसल्यावर माझं ऐकावं लागंल."

रविवारी सकाळी मोहनराव रबरी विजार चढवूनच बोटीजवळ आले. जयवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पाव्हणं, ह्याला पायजमा म्हणायचं का पखाल?"

 मोहनराव तोलून मापून बोटीत बसले, आणि विहीणबाईंनी वल्हं मारलं. धरणात नवं पाणी येत होतं. काठचं गवत आणि काटेबाभळी निम्म्या बुडाल्या होत्या.

"ही माशी," मोहनरावांनी पिसांचा तांबडा झुबका दाखवला. "माशाला वाटतं, किडा पडला."

"आन् घावल्यावर सोडत्यात म्हनं?"

"सोडत्यात."

"म्हंजी त्यांचा बारा महिनं श्रावणच!"

मोहनराव उभे राहिले, काठी मागं-पुढं झुलवून त्यांनी माशी भिरकावली. ती बाभळीत अडकली. सोडवून पुन्हा फेकली, तर मागच्या मागं विहीणबाईंच्या पदरात रुतली. मोहनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयवंताबाईंनी शांतपणे गळ काढला.

"मोठा घावला हुता, पाव्हणं. पर तुमच्यात सोडत्यात ना? सोडा आता."

त्या हसल्या तशी मोहनरावांना जरा हुशारी आली आणि ते तिकडच्या तळ्याची गोष्ट सांगू लागले. वाटाड्या कसा होता, थंडी कशी होती, ट्राउट कसा होता. ट्राउट मांडीएवढा झाला तसं विहीणबाईंनी वल्हं थांबवलं.

"मरळ ऐकती म्हनत्यात. जरा गप ऱ्हावा."

गोष्ट तिथंच थांबली. बोट बुडालेल्या गवताच्या कडेनं सरकत राहिली. एका जागी पाण्यावर तांबडं काहीतरी खदखदताना दिसलं, जणू चुलीवरचा रस्सा. मोहनरावांनी काठी उचलली.

"तितं नगं," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. "तितं टाकू नका."

मोहनरावांना वाटलं, ही यांची राखीव जागा असणार. स्वतःच्या माणसांसाठी ठेवलेली. आणि सकाळ तर सरत चालली होती. त्यांनी माशी नेमकी तिथंच टाकली. सगळ्या सकाळीत तेवढी एकच फेक सरळ पडली होती.

पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली, पिवळी दोरी सरसर पळायला लागली. वाटाड्यानं शिकवलेलं सगळं मोहनराव एका क्षणात विसरले.

"ईनबाई! काय करू?"

"सैल सोडा! ... गवतात जाऊ देऊ नका! ... आता वडा!"

मोहनराव सैल सोडत होते, ओढत होते, मधेच देवाचं नाव घेत होते. बोट गरकन फिरली. शेवटी दमलेली मरळ बोटीच्या कडेला आली. काळी कुळकुळीत, सापासारख्या डोक्याची, मोहनरावांच्या आख्ख्या हाताएवढी. आयुष्यात त्यांनी एवढा मासा धरला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"जाळी द्या! ईनबाई, जाळी!"

जयवंताबाईंनी जाळी उचलली नाही. "मागं बघा," म्हणाल्या.

तो तांबडा पुंजका आता विस्कटला होता. दोऱ्याएवढी पिलं होती ती, शेकड्यानं, सैरभैर. त्यांच्यात खादाड चिलापी मासे घुसले होते आणि गवतातला बगळा दोन पावलं पुढं सरकला होता.

"तिची हायती. म्हनून म्हनलं, तितं नगं. तिनं भुकंनं न्हाय धरली तुमची माशी. रागानं धरली."

मोहनरावांच्या डोळ्यांपुढं घरचा ओटा आला. सोपानतात्यांनी मसाला वाटायला घेतला असेल. चार माणसं ताटं मांडून बसतील.

"तुमी मानाचं पाव्हणं," जयवंताबाई म्हणाल्या. "न्यायची तर न्या. मी न्हाय म्हननार न्हाय."

त्यांनी खरंच अडवलं असतं तर मोहनराव कदाचित भांडले असते. आता भांडायला कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी वाकून गळ काढला आणि मरळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरून हलकेच मागं-पुढं करू लागले.

"हे काय, पाळणा?"

"दम येऊ द्यायचा असतो तिला."

"चिखलात जगती ती! सोडा की!"

सोडली तशी मरळीनं शेपटीचा फटका मारून मोहनरावांचं तोंड धुऊन काढलं आणि थेट पिलांत घुसली. चिलाप्या पांगल्या. बगळा उडून गेला. दोघंही बराच वेळ तिकडं बघत राहिले. तांबडा पुंजका हळूहळू पुन्हा गोळा व्हायला लागला. मग मोहनरावांना आठवलं की फोटो राहिला. मोबाइल रबरी विजारीच्या आत, पार खालच्या खिशात होता.

निघताना जयवंताबाईंनी तळलेल्या चिलाप्यांचा डबा दिला. त्यांचे यजमान रामहरी यांनी पहाटे जाळ्यात धरलेल्या. "आखाडाचं मोकळं कसं धाडू?"

"मी धरल्या म्हनून सांगू का?" मोहनरावांनी चाचपून पाहिलं.

"सांगा की. तळलेलं मासं काय बोलत्यात व्हय?"

काटेवाडी येईपर्यंत मोहनरावांनी तसं सांगण्याची छान तयारी केली. पण घरी ओट्यावर सगळे बसलेले, सोपानतात्या मसाल्याचं पातेलं मांडीवर घेऊन, आणि तोंडून निघालं ते निराळंच.

"ह्या चिलाप्या इवायांच्या. मी एक मरळ धरली हुती. पिलं हुती तिची. सोडली."

"केवढी हुती?" कुणीतरी डोळा मारून विचारलं. सगळे सावरून बसले.

"हुती बरी," मोहनराव म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

सोपानतात्या पातेलं धरून तसेच राहिले. "नुसती बरी?" ते इतरांकडं वळून हळूच म्हणाले. "आरं, मग लईच मोठी असणार रं!"

त्या संध्याकाळी चिलाप्या पुरल्या नाहीत म्हणून सोपानतात्यांच्या मसाल्यात अंडी सोडली, आणि ट्राउटचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी माधवीचा फोन आला.

"मामा, आईशी बोलले मी. ती म्हणाली, पाव्हणं मनानं लई चांगलं हायती."

मोहनरावांनी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. "आनखी काय म्हनल्या ईनबाई?"

"म्हणाली, पर बोटीत लई बोलत्यात. फुडच्या टायमाला नुसत्या रोहिणीताईंनाच धाडा."

रोहिणीकाकू भाकरी थापायच्या थांबल्या. "विचार तिला," त्या पिठाच्या हातानंच फोनकडं झेपावल्या, "कधी येऊ म्हनावं?"