उजवा हातमोजा

पडद्यावर गोलकीपर वेगवेगळ्या सामन्यांत मिळून सहा वेळा पडला. पाच वेळा डाव्या कुशीवर, एकदा पाठीवर. सहाही वेळा त्याने पडल्यापडल्या उजवा हातमोजा काढला. सहाही वेळा संघाच्या फिजिओताई पिशवी घेऊन मैदानात आल्या, आणि सहाही वेळा चालत आल्या.

"एकदाही धावला नाहीत," शिस्तपालन समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते जुने पंच होते. बोलताना अजूनही त्यांचा हात, कार्ड काढावं तसा, छातीवरच्या खिशाकडे जायचा.

ताईंनी मान हलवली. पडद्यावरची बाई त्यांना दुसरीच कुणीतरी वाटत होती. ती मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायची. नाडी सुटलेली नसायची.

गोष्ट साधी होती. दुसरा कुणी खेळाडू पडला, तर उपचारानंतर त्याला थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं, गोलकीपरला नाही. तो पडला की खेळ थांबतो, आणि बाकीचे पाणी प्यायच्या निमित्ताने कोचभोवती गोळा होतात. समोरचा संघ अंगावर यायला लागला, की कोच बाकावरून उठून डोक्यावरची टोपी उलटी करायचे. मग गोलकीपर पडायचा. मोजा काढला तर सोंग; मोजा हातातच असला तर खरं दुखणं. ही मोज्याची खूण ताईंनीच सुचवली होती. "नाहीतर मला कळणार कसं, बाबांनो?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि सगळे हसले होते.

"शेवटचं पुन्हा लावा," अध्यक्ष म्हणाले.

सहाव्या वेळी कोचची टोपी सरळच होती. उंच चेंडूवर झेप घेऊन गोलकीपर खाली आला, पाय मुडपला, कुशीवर कलंडला. त्याने मोजा काढला. ताई आल्या, शेजारी बसल्या, दोन्ही हातांनी त्याचा गुडघा वाकवला, पिळला, ओढला. गॅलरीतून दिसेल इतपत जोरात, नेहमीसारखा.

चित्रफितीला आवाज नव्हता. तिथलं बोलणं ताईंना पाठ होतं.

"ताई, खरंच दुखतंय."

"आज झकास जमलंय हं तुला. अजून जरा कण्ह."

"ताई, आईशप्पथ!"

"पुरे आता, पंच बघतायत. ऊठ."

तो उठला. पुढच्याच झेपेला गुडघा पार गेला, आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मोजा का काढलास रे, असं ताईंनी दवाखान्यात विचारलं तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "काय माहीत. पडलो की हात आपला आपण जातो."

आत यायच्या आधी कोचनी त्यांना जिन्यात गाठलं होतं.

"सहाही सोंगं होती, एवढंच म्हणा. गुडघा नंतर गेला, खेळताना. तुमच्यावर काहीच येत नाही."

"आणि तो?"

"तो तसाही वर्षभर खेळत नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, ताई."

पण सहावं पडणंही सोंग ठरलं, तर ज्या सामन्यात पाय गेला त्याच सामन्यात तो लबाडी करताना सापडला, असं होणार होतं. मग क्लब त्याचा करार मोडायला मोकळा. हे कोचना ठाऊक होतं, ताईंनाही. गोलकीपरलाही ठाऊक होतं, तरी सकाळी त्याचा फोन आला होता. "सरांचं ऐका ताई. तुम्हालाच काढलं तर माझा पाय बघणार कोण? सर स्वतः?"

"पाच आम्हाला दिसतातच," अध्यक्ष म्हणाले. "सहाव्याचं तुम्ही सांगा. खरं की खोटं?"

कोच टोपी मांडीवर ठेवून तिची शिवण चाचपत होते.

"खरं," ताई म्हणाल्या. "गुडघा तेव्हाच दुखावला होता. मी तो पिळला आणि त्याला उभा केला."

"तुम्हाला कळलं नाही?"

"मी तपासलंच नाही. नुसते हात चालवले."

"इतकी वर्षं हे काम करताय!" समितीतल्या दुसऱ्या सदस्य बाई म्हणाल्या.

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. मग कुणी विचारलं नव्हतं तरी टोपीचंही सांगितलं, खूण कुणी ठरवली तेही सांगितलं. त्यांचा आवाज सपाट होता, दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

निकाल त्याच संध्याकाळी आला. पाच सोंगांबद्दल गोलकीपरला पाच सामने बंदी. सहावं दुखणं खरं धरलं. कोचना अर्धा हंगाम. ताईंना पूर्ण हंगाम, कुठल्याही क्लबच्या खेळाडूंवर उपचार करायला मनाई. खेळाडूने स्वतःहून बोलावलं, तर त्याच्या घरी जायला हरकत नव्हती. शिक्षा रास्त होती. ताईंना ते समजलं, पाण्यात बोट घातल्यावर ते कोमट आहे एवढं समजावं तसं. बाहेर पडताना अध्यक्षांनी त्यांच्यासाठी दार धरलं. "यातल्या दोन सामन्यांना मी हजर होतो," ते म्हणाले. "मला एकदाही शंका आली नाही."

क्लबने नवा फिजिओ नेमला. गोलकीपरने त्याला दोनदा परत पाठवलं आणि ताईंना फोन केला.

दार त्याच्या आईने उघडलं. "त्याला तुम्हीच हव्यात," ती म्हणाली. "मला विचाराल, तर मी तुम्हाला उंबरा चढू दिला नसता." मग ती बाजूला झाली, आणि ताई चपला काढून आत गेल्या. तेव्हापासून त्या दर आठवड्याला जात. आई दार उघडायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

"या," असाच एका आठवड्यात गोलकीपर पलंगावरून म्हणाला. "नव्याला मी घाबरवून सोडलं. बिचारा हात लावायच्या आधीच 'सॉरी' म्हणायचा."

ताईंनी त्याच्या टाचेखाली हात घातला. "वाकवते. दुखलं तर सांग."

"सांगितलं तर थांबाल?"

"हो."

त्या सावकाश वाकवत गेल्या. तो खिडकीकडे बघत राहिला.

"दुखतंय," तो म्हणाला.

ताई तिथेच थांबल्या. कोनमापकाची एक पट्टी त्यांनी मांडीला लावली, दुसरी नडगीला. एकाहत्तर अंश. मागच्या आठवड्यात गुडघा त्र्याहत्तरपर्यंत वाकला होता, तरी त्यांनी पाय अलगद खाली ठेवला.