डावा खालचा कोपरा

"म्हणजे लेन्स नसलेल्या कॅमेऱ्याने तुम्ही खून टिपलात?" वकिलांनी विचारलं. कोर्टात तिघे हसले. तिघेही आरोपी होते.

"लेन्स होती, साहेब. जुनी होती."

"फोटोसोबतची नोंद वाचतो. लेन्स : नाही. अ‍ॅपर्चर : शून्य. कॅमेरा खोटं बोलतो का?"

"त्याला कळत नाही. कॅमेरा नवा, मिडियम फॉरमॅट डिजिटल. लेन्स साठ वर्षांची. मध्ये अ‍ॅडॅप्टर घालून बसवलीय. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही."

"संसार तरीही चालतो म्हणता," वकील म्हणाले. ते रंगात आले होते.

बावीस वर्षं हा साक्षीदार कॅटलॉगसाठी नळांचे फोटो काढत होता. त्या दिवशीही नळच मांडलेले होते, आणि कॅमेऱ्यावर सासऱ्यांची लेन्स होती. खिडकीखाली आरडाओरडा झाला. गेटवर तिघे जण सळईने रखवालदाराला झोडपत होते. रखवालदार म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्याने कॅमेरा खिडकीकडे वळवला. जुन्या लेन्सचा फोकस हाताने लावावा लागतो. तो लागेपर्यंत दोन घाव कवटीत उतरले. फोटोत आहे तो तिसरा. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं.

लहान फिल्मसाठी घडवलेली ती लेन्स नव्या कॅमेऱ्याच्या मोठ्या सेन्सरला पुरत नाही. फोटोचे कोपरे काळे येतात. त्यातून अ‍ॅडॅप्टर जरा वाकडा, म्हणून डावा खालचा कोपरा सगळ्यात काळा. "लेन्स उद्या आणा," न्यायाधीश म्हणाले. "तोच कोपरा पुन्हा आला तर फोटो खरा धरू."

जामिनावरचे तिघे दुपारीच स्टुडिओत हजर झाले.

"कुठली, काका?"

फळीवर एकतीस जुन्या लेन्स होत्या. त्यांनी डावीकडून फोडायला सुरुवात केली. डोक्यापेक्षा काचेचा आवाज मोठा होतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं. अकराव्या लेन्सनंतर त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावर धरला. तीन बोटं मोडल्यावर त्याने सगळ्यात महागडीकडे मान वळवली.

"ती."

तिचा भुगा झाला. जाताना एकाने टेबलावरचे नळ सरकवून सळई पुसायला फडकं घेतलं.

सासऱ्यांची लेन्स त्या नळांतच पडली होती. तिचा अ‍ॅडॅप्टर म्हणजे नळाची पितळी रिंग, त्याने स्वतः कानशीने घासलेली. बघणाऱ्याला तो नळच वाटायचा.

सकाळी कोर्टात हाताला प्लास्टर होतं, म्हणून कॅमेरा बायकोने धरला.

"अहो, हा म्हणतोय लेन्सच नाही."

"म्हणू दे. ओके दाब. आता फोकसची रिंग फिरव. उजवीकडे, सावकाश."

पिंजऱ्यातले तिघे पडद्यावर धूसर दिसत होते. ते हसत नव्हते. डावा खालचा कोपरा काळा होता. ती वडिलांच्या लेन्सची रिंग अंगठ्याने हळूहळू फिरवत राहिली.

"वेळ लागतो हो याला."

"लागतो."

तिचा अंगठा थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो प्लास्टरकडे बघत होता.

मग उरलेला फोकस लावून तिने बटण दाबलं.