ज्याचं चुकलं त्यानं खोडायचं

मी एक खोडरबर. खरं तर ‘होतो’ म्हणायला हवं, कारण आता जे उरलंय ते जेमतेम वाटाण्याएवढं आहे. पण माणसंसुद्धा निवृत्त झाल्यावर दारावरची पाटी बदलत नाहीत, मग मीच कशाला बदलू?

माझा जन्म एका कारखान्यात झाला, तोही एकट्याचा नाही. लांबच्या लांब पांढरी पट्टी होती, तिला सुरीनं कापलं आणि माझा मी झालो. दोन्ही अंगांना भाऊ होते. ते कुठे गेले, कुणाच्या चुका पुसता पुसता संपले, मला ठाऊक नाही.

मी आलो एका नकाशे काढणाऱ्याच्या टेबलावर. इमारतींचे नकाशे काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्याच्या कचेरीचा एकच नियम होता: कच्चं पेन्सिलीनं, पक्कं पेनानं. साहेबांची सही होईपर्यंत भिंती पेन्सिलीच्या. त्या हलायच्या, सरकायच्या, मी पुसल्या की नाहीशा व्हायच्या. सही झाली की शाई. शाईपुढे माझं काही चालत नाही, हे मला तिथेच कळलं.

एका शनिवारी तो मला चुकून खिशात घालून घरी घेऊन गेला. तिथे माझी खरी नोकरी सुरू झाली.

त्याच्या घरी रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं जायचं आणि त्यावर एक अख्खं जग मांडलं जायचं. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी काय करणार ते ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. सांगणाऱ्याला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. मास्तर म्हणजे हाच, माझा मालक. प्रत्येकाच्या पात्राचा एक कागद असतो. त्यात त्याचं बळ, त्याच्या जखमा, झोळीतलं सामानसुमान लिहिलेलं असतं. ते दर घटकेला बदलतं. म्हणून पेन्सिल, आणि म्हणून मी.

खेळायला एक असायचा मास्तरचा मित्र. त्याची बेकरी होती. सहा फुटांचा गडी, पण खेळात हटकून बुटका व्हायचा. तो येताना गरम पाव आणायचा आणि माझ्या अंगाला पीठ लावून जायचा. दुसरी मास्तरची धाकटी बहीण. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची नळकांडी सांभाळायची. तिचं पात्र म्हणजे ‘कंदीलवाली’, हातात कंदील घेऊन आपलं हरवलेलं गाव शोधणारी एक वाटाडी. चार वर्षं ती गाव शोधत होती. त्या कागदावर माझे इतके हात फिरले होते की तो मधोमध मऊ पडला होता, जुन्या ओढणीसारखा.

जिथे खेळ तिथे वाद. “मी दाराआड होते!” “नव्हतीस!” “फासा टेबलाखाली पडला, तो धरायचा नाही!” सुरुवातीला फार आरडाओरडा व्हायचा. मग बहिणीनंच एक रीत घालून दिली. वाद झाला की मला हातात घ्यायचं. ज्याच्या हातात रबर, त्यानंच बोलायचं. आणि बोलताना आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, त्याच्याच शब्दांत, आपलं त्यानंतर. मग बाकीच्यांना विचारायचं. निकाल मास्तरनं द्यायचा. आणि शेवटचं कलम: ज्याचं चुकलं त्यानं स्वतःच्या हातानं खोडायचं. मास्तर चुकला तर मास्तरनंसुद्धा.

या रीतीनं किती भांडणं पावाच्या तुकड्याबरोबर विरघळली म्हणून सांगू! समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडून सांगताना निम्म्या वेळा माणूस मध्येच थांबायचा. “अरे, मग बरोबर आहे की तुझं,” असं स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा. “या टेबलावर पक्कं काही नाही,” मास्तर म्हणायचा. मला वाटायचं, जगात एवढं एकच शहाणं टेबल असावं.

मग मास्तरचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली.

वहिनी फार बोलायची नाही. पण बघायची सगळं. कोण फासा फेकण्याआधी मुठीत फुंकर मारतो, कोण हरल्यावर चहात जास्त साखर घालतो. पहिल्या रविवारी ती नणंदेला म्हणाली, “ताई, तुम्ही खेळा, मी नुसती बसते.”

“वहिनी, मला अहो-जाहो करू नकोस बाई. मी राक्षसालासुद्धा अरे-तुरे करते.”

वहिनी हसली. तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ती आजवर बहिणीची होती. कुणी ती मागितली नाही, कुणी दिली असंही नाही, बहीण उठून चहा आणायला गेली आणि परत येईपर्यंत मास्तर म्हणाला, “बस ना तू तिथे, वारा येतो.” बहीण स्टूल ओढून बसली. वहिनीच्या ते लक्षात आलं होतं. मला कसं कळलं? बघत बसताना ती मला बोटांत फिरवायची, आणि तेव्हा तिची बोटं थांबली.

त्याच सुमारास बहिणीला दूरच्या गावी मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. महिन्याभरात जायचं होतं. ती कंदीलवालीचा कागद भावापुढे सरकवून म्हणाली, “दादा, हिला मी नेणार नाही. हिला गाव सापडलं की तिथेच राहू दे. मी गेले तरी ही इथे असेल, तुझ्या गोष्टीत. सांभाळशील ना?”

“म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला?” दादा म्हणाला.

लग्नाला पाच आठवडे झाले असतील. तो रविवार मला विसरायचाय, पण दुसऱ्यांचं पुसणाऱ्याला स्वतःचं पुसता येत नाही.

खोल दरी, वर झुलता पूल, आणि पलीकडे डोंगराच्या कुशीत एक दिवा. चार वर्षं शोधलेलं गाव! बेकरीवाला म्हणाला, “मास्तर, पुलावर वजनाची पाटी आहे का? माझा बुटका सकाळीच सात पाव खाऊन निघालाय.” सगळे हसले. मास्तर तर डोळे पुसायला लागला. आणि त्या हसण्यात बहीण तिच्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाली, “मी कमरेला दोर बांधते, अलीकडच्या खांबाला आवळते, आणि निघते.”

फासा पडला. एक. यापेक्षा वाईट आकडा त्याच्या अंगावर नाही.

“फळी तुटली,” मास्तर म्हणाला. “गेली. सरळ खाली.”

“गेली कुठे? लोंबकळतेय. दोर आहे ना कमरेला.”

“कुठला दोर?”

“आत्ता म्हणाले ना मी!”

“नाही म्हणालीस. नुसती ‘निघते’ म्हणालीस. गाव दिसल्यावर घाई झाली तुला.”

“रबर घे,” बहीण म्हणाली. “आधी माझं म्हणणं सांग.”

मास्तरनं मला हातात घेतलंच नाही. “जे तू म्हणालीच नाहीस ते मी कुठून सांगू?”

रीत तिथे मोडली. पहिल्यांदाच.

बेकरीवाल्यानं दोन्ही हात वर केले. “मी माझ्याच विनोदावर हसत होतो, आईशप्पथ.”

बहिणीनं मला उचललं आणि वहिनीच्या तळहातावर ठेवलं. “वहिनी, तू सांग. तू तर सगळं ऐकतेस.”

वहिनीनं नणंदेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ही आपली बाजू घेणार याची त्याला खात्रीच होती. तिची मूठ माझ्यावर आवळली. अंगठ्याचं नख माझ्या कुशीत रुतलं.

“माझं… माझं लक्ष नव्हतं.”

तिनं ऐकलं होतं. शब्द न् शब्द. मीही ऐकला होता, पण खोडरबराची साक्ष कोण काढतो?

“झालं तर मग,” मास्तर म्हणाला. पेन्सिल कुठेतरी घरंगळली होती. रविवार असूनही सकाळी तो सही झालेल्या नकाशावर शाई चढवायला कचेरीत जाऊन आला होता, पेन खिशालाच होतं. त्यानं कंदीलवालीचा कागद ओढला आणि नावापुढे लिहिलं: मृत.

“दादा, पेनानं?”

“त्यानं काय फरक पडतो?”

बहिणीनं आपले फासे पिशवीत भरले. कप विसळला, उपडा घातला. आतल्या खोलीच्या दारात वळून एवढंच म्हणाली, “मी बोलते ते आता या घरात ऐकू येत नाही, एवढं कळलं.” पुढच्या दोन रविवारी तिला सामान बांधायचं होतं. तिसऱ्या रविवारी ती घरातच नव्हती.

खेळ बंद पडला. मी फाशांच्या डब्यात, अंधारात. वर कंदीलवालीचा घडी घातलेला कागद. सात महिने आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर पडून होतो. खोडरबराला याहून मोठी शिक्षा नाही: चूक अंगाला चिकटलेली, आणि पुसायला कुणाचा हात नाही.

मग एका दुपारी डबा उघडला. बेकरीवाला पाव घेऊन आला होता. मास्तरनं नवी गोष्ट रचली होती. “यावेळी तूही खेळायचंस,” तो बायकोला म्हणाला आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. तिनं पेन्सिल घेतली. मला घेतलं. नावाच्या रकान्याशी थांबली.

“मी ऐकलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“दोर. ताई म्हणाल्या होत्या.”

बेकरीवाल्यानं हातातला पाव हळूच खाली ठेवला. मास्तर तिच्याकडे वळला.

“मग तेव्हा तोंडात मिठाची गुळणी का धरलीस?”

“तुम्ही बरोबर असावं असं वाटलं मला. पाचच आठवडे झाले होते. तुम्ही चुकू शकता, हे इतक्या लवकर नको होतं.”

मास्तरनं कंदीलवालीचा कागद उलगडला. वहिनी म्हणाली, “ज्याचं चुकलं त्यानं खोडायचं ना?”

“मग दोघांनी,” तो म्हणाला. “तुझ्यानंतर मी.”

मी जीव तोडून घासलो. तिच्या हातात, मग त्याच्या हातात. झिजलो, चुरा झालो, काळा पडलो. शाई हलेना. तो मऊ पडलेला कागद मात्र आणखी पातळ झाला, आणि शेवटी त्या शब्दाच्या जागी भोक पडलं.

बहिणीला फोन लावला. फोन टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

वहिनीनं सगळं सांगितलं.

“मला माहीत होतं गं,” बहीण म्हणाली. “तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग दादाकडे. तेवढ्यात कळलं.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलू? तुला खोटं पाडून मी निघून गेले असते. राहायचं तुला होतं त्या घरात.”

वहिनीनं तोंडावर हात घेतला. मग मास्तर फोनपाशी वाकला. मला वाटलं, माफी मागेल, रडेल. त्यानं माझा उरलेला तुकडा मुठीत घेतला आणि म्हणाला, “तू म्हणाली होतीस, ‘मी कमरेला दोर बांधते, अलीकडच्या खांबाला आवळते, आणि निघते.’”

हे शब्द त्याला वहिनीनं सांगितले होते, मघाशी, जसेच्या तसे.

“हं,” बहीण म्हणाली. आवाज ओला होता. “असंच म्हणाले होते.”

“कागदाला भोक पडलंय गं.”

“पेन कचेरीत ठेवून येत जा, दादा.” ती जरा हसली. मग म्हणाली, “राहू दे आता तिला. पडली ती.” आणि फोन ठेवला.

ती अजून आलेली नाही. सुट्टी मिळत नाही, म्हणते. मास्तरनं त्या भोकामागे नकाशाचा पातळ कागद चिकटवलाय. तेवढी जागा कोरी आहे. तिथे काय लिहायचं ते तिनं येऊन लिहायचं, पेन्सिलीनं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी असते. वहिनी स्टुलावर बसते.

रविवारी खेळ असतो. बेकरीवाला पाव चघळत काहीतरी पुटपुटतो, मास्तर म्हणतो, “हे तू म्हणालाच नाहीस!” तेवढ्यात वहिनी माझा तुकडा उचलते. “अहो, ते म्हणाले. मी ऐकलं.” स्पष्ट आवाजात म्हणते, दर वेळी.

माझं एवढं सगळं झिजलं, पण एक बाजू नेमकी शाबूत राहिली. त्या बाजूला तिच्या नखाची खूण आहे. बोलताना तिचा अंगठा तिथेच जाऊन बसतो. वाचणाऱ्यांनो, तुमच्या टेबलावर माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला पेन्सिलीचंच काम द्या. जे ऐकलंत ते त्याच दिवशी सांगा. त्याला पुष्कळ पुसता येतं. पण सात महिने वाळलेलं नाही.